वालचंदांची दोन लेकरं एकाच टेंडरला: इस्रोचं खासगीकरण नेमकं कुणाच्या हातात चाललंय?

बाळीवेसकर (धागाकर्ता)

"इस्रो विकायला काढली" आणि "खासगी कंपन्या आल्या, आता नासा पाणी भरणार" हे दोन्ही फॉरवर्ड मला एकाच आठवड्यात एकाच काकांकडून आले. काकांचा दोष नाही, त्यांच्या ग्रुपवर दोन्ही पक्षांची मंडळी आहेत. पण एसएसएलव्हीच्या टेंडरचं काय झालं हे दोन्हीकडे नव्हतं, आणि सगळी गंमत तिथेच आहे.

एसएसएलव्ही हे इस्रोचं छोटं रॉकेट. ५०० किलोचा उपग्रह ५०० किलोमीटर उंचीवर नेऊन सोडतं. पहिलं उड्डाण ऑगस्ट २०२२ मध्ये फसलं, फेब्रुवारी २०२३ आणि ऑगस्ट २०२४ ची दोन्ही जमली. पुढे ठरलं की हे रॉकेट इस्रोने बांधत बसायचं नाही. तंत्रज्ञान एका कंपनीला द्यायचं, तिने बांधायचं, गिऱ्हाईकही तिनेच शोधायचं. शेवटच्या फेरीत तिघे उरले. एक गट बेंगळुरूच्या अल्फा डिझाइनचा, जिच्यात अदानी डिफेन्सचा पैसा आहे. तिच्या जोडीला चेन्नईची अग्निकुल आणि आपल्या सोलापूरच्या शेजारची वालचंदनगर इंडस्ट्रीज. दुसरा भारत डायनॅमिक्सचा, सोबत हैदराबादची स्कायरूट वगैरे. तिसरी हिंदुस्थान एरोनॉटिक्स म्हणजे एचएएल, एकटीच. जून २०२५ मध्ये निकाल लागला: एचएएल, ५११ कोटी.

म्हणजे सरकारी खात्याचं रॉकेट सरकारी कंपनीकडे गेलं. याला खासगीकरण म्हणायचं की बदली?

आता आपल्या गावाचा संबंध. शेठ वालचंद हिराचंद दोशी सोलापूरचे, जन्म १८८२. इथल्या कॉलेजांवर त्यांचं नाव आहे, पण याच माणसाने डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाला सोबत घेऊन बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट काढली, हे इथल्या किती पोरांना माहीत आहे? जागा संस्थानाने दिली, यंत्रं आणि माणसं अमेरिकेतून आणली. पुढच्याच वर्षी इंग्रज सरकारने त्यात भाग घेतला, आणि १९४२ मध्ये जपानी फौजा ब्रह्मदेशात शिरल्यावर वालचंदांचा हिस्सा विकत घेऊन कारखानाच ताब्यात घेतला. त्याच कंपनीची १९६४ मध्ये एचएएल झाली. वालचंदनगरचा कारखानाही शेठजींचाच, आणि इस्रोच्या पहिल्या उपग्रह-रॉकेटच्या, एसएलव्ही-३ च्या काळापासून तो इस्रोला माल पुरवतोय. तर हरलेली आणि जिंकलेली, दोघी एकाच घरच्या. एकीला सरकारने घेतलं, दुसरी खासगी राहिली.

माझं मत आधीच सांगून टाकतो. मालक कोण यावर आपण फार भांडतो. रॉकेट पडलं तर उत्तर कोण देणार, आणि ते उत्तर आपल्याला वाचायला मिळणार का, यावर कुणी बोलत नाही. त्यावर बोला.

पार्क_चौपाटी

एवढं लांबड कशाला बे. आज ना उद्या सगळं एकाच शेठकडं जाणार हाय. वालचंद शेठ नव्हं, दुसरे.

बाळीवेसकर

निकाल वाचलास का? त्या शेठचा गट हरला.

पार्क_चौपाटी

या वेळेला हरला. २०१९ ला विमानतळांच्या लिलावात सहाच्या सहा कुणी घेतले?

गड्डा_यात्रेकरू

विमानतळाचा विषय निघालाच आहे तर... आपल्या होटगी रोडला एक छोटं विमान उतरवायचं म्हणून सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडली. किती मोर्चे, किती कोर्टकचेरी, कोणाच्या सांगण्यावरून, कोणाच्या विरोधात. आणि गोव्याचं विमान सुरू व्हायला जून २०२५ उजाडलं. एका चिमणीत एवढं राजकारण, तर श्रीहरिकोट्यात किती असेल विचार करा.

संचालक

चिमणीचा धागा वेगळा आहे आणि तो दोनदा कुलूपबंद करावा लागला होता. इथे नको.

निवृत्त_टर्नर

तुम्ही सगळे पेपरातलं बोलताय, मी शेडमधलं सांगतो. कारखान्याचं नाव घेणार नाही, पेन्शनीतल्या माणसाने घेऊ नये.

घन इंधनाचं रॉकेट म्हणजे मुळात एक भलंमोठं नळकांडं. त्याला मोटर केस म्हणतात. पीएसएलव्ही या इस्रोच्या नेहमीच्या रॉकेटच्या पहिल्या टप्प्याचा व्यास २.८ मीटर, मॅरेजिंग स्टील नावाचं खास मजबूत पोलाद. प्लेट रोल करायची, उभा जोड वेल्ड करायचा, अशा रिंगा करून त्या एकमेकींना जोडायच्या. कुठली प्लेट कुठल्या हीटची, म्हणजे पोलादाच्या कुठल्या ओतणीतली, ते रजिस्टरला. कुठल्या जोडावर कुठला वेल्डर बसला तेही. जोड झाला की एक्स-रे. फिल्म लाइट बॉक्सवर लावून क्वालिटीवाला भिंग घेऊन बसायचा. सुईच्या टोकाएवढा ठिपका दिसला तरी तेवढा भाग खोदून परत वेल्ड, परत एक्स-रे. मग भट्टी. शेवटी आत पाणी भरून प्रेशर टेस्ट. पंप चालू व्हायच्या आधी शेड रिकामं करायचे. काटा ठरलेल्या आकड्यावर नेऊन धरून ठेवायचा, आणि बाहेर उभा असलेला प्रत्येक जण गप्प.

आणि या प्रत्येक पायरीवर इस्रोच्या माणसाचा शिक्का लागायचा. तो शिक्का नसेल तर पुढची पायरी नाही. आमचे साहेब चिडायचे, बिल लटकायचं, पण तो माणूस हलत नसे. चहा घ्यायचा, गोड बोलायचा, शिक्का मात्र स्वतःच्या डोळ्याने बघितल्याशिवाय नाही.

त्यामुळे इस्रोत खासगी माणसं "आता" घुसली असं कुणी म्हटलं की हसू येतं. इस्रोच्या रॉकेटांचं विकास इंजिन गोदरेजमध्ये बनतं, केस वालचंदनगरला आणि एल अँड टीला. सोलापुरी भाषेत सांगायचं तर इतकी वर्षं हे कारखाने मजुरीवर माग चालवत होते: सूत व्यापाऱ्याचं, डिझाइन व्यापाऱ्याचं, चादरही त्याच्याच नावाने विकली जायची. आता म्हणतायत सूत तुझं, गिऱ्हाईकही तुझंच शोध. सप्टेंबर २०२२ मध्ये पाच पीएसएलव्ही बांधायचं ८६० कोटींचं काम एचएएल आणि एल अँड टीला मिळून दिलं, तिथून हा बदल सुरू झाला.

मी याच्या विरोधात नाही. एका सरकारी गिऱ्हाइकाची बिलं एवढी रखडायची की मालक व्याजाने पैसे काढून पगार करायचा. स्वतःचं गिऱ्हाईक मिळालं तर कारखान्याचं भलंच होईल. माझी शंका शिक्क्याची आहे.

इंजिनिअरिंग_तिसरं_वर्ष

काका, तुमची पोस्ट आमच्या वर्गाच्या ग्रुपवर टाकू का? आमच्या मॅन्युफॅक्चरिंगच्या सरांनी एवढं वेल्डिंग वर्षभरात सांगितलं नाही.

आणि एक विचारायचं होतं. एसएसएलव्ही एचएएलने बांधलं तर शिक्का कोण मारणार? एचएएलचाच क्वालिटी विभाग, की इस्रो, की इन-स्पेस?

निवृत्त_टर्नर

टाक की बाळा. पहिली दोन वर्षं इस्रो हात धरून शिकवणार, दोन रॉकेटं त्यांच्या देखरेखीखाली उडणार, असा करार आहे. त्यानंतर एचएएलचं एचएएलने बघायचं. बांधणाराच तपासणार, ही गोष्ट मला पटत नाही. इन-स्पेस परवानगी देणारी संस्था आहे, भिंग घेऊन बसणारी नव्हे.

विजापूर_रोड

काकांचा अनुभव मोठा, पण एक बाजू राहतेय. २०२५ या अख्ख्या वर्षात भारतातून पाच रॉकेटं उडाली. एकट्या स्पेसएक्सने त्याच वर्षी १६० हून जास्त उडवली. आपलाच जीसॅट-एन२ उपग्रह ४,७०० किलोचा. आपल्या सगळ्यात मोठ्या एलव्हीएम-३ ला त्याला लागणाऱ्या उंच कक्षेत साधारण चार टनच झेपतात, म्हणून नोव्हेंबर २०२४ मध्ये तो अमेरिकेतून फाल्कन-९ वर पाठवावा लागला. शिक्के मारत बसल्याने सुरक्षितता येते हे मान्य, पण रांगही लागते.

नासाचं उदाहरण घ्या. २०१४ मध्ये त्यांनी अंतराळवीर नेण्याचं काम दोन कंपन्यांना वाटून दिलं. बोइंगला ४.२ अब्ज डॉलर, स्पेसएक्सला २.६ अब्ज. बोइंग म्हणजे त्यांची जुनी, सरकारदरबारी मुरलेली कंपनी. स्पेसएक्सने मे २०२० मध्ये माणसं नेली. बोइंगने जून २०२४ मध्ये नेली, यानात बिघाड झाला, यान रिकामं परत आलं आणि ती दोन माणसं मार्च २०२५ मध्ये स्पेसएक्सच्या यानातून घरी आली. दोघांना काम दिलं होतं म्हणून निभावलं. आपण काय केलं? एसएसएलव्ही एकाच कंपनीला, आणि तीही अशी की जिला तेजस वेळेवर देता येत नाही म्हणून हवाईदल प्रमुखांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये तोंडावर सुनावलं.

खरं खासगीकरण झालंच नाही हीच माझी तक्रार आहे. स्कायरूटने नोव्हेंबर २०२२ मध्ये विक्रम-एस उडवलं, अग्निकुलने मे २०२४ मध्ये थ्रीडी प्रिंट केलेल्या इंजिनाचं रॉकेट उडवलं. दोन्ही छोटी, चाचणीचीच, पण पोरांनी स्वतःच्या हिमतीवर केलीत. पैसा त्यांच्यात ओता.

सात_रस्ता_आजोबा

विजापूर रोड, नासाचं उदाहरण देताना दुसरं पानही उलटा. तिथे प्रमुख राष्ट्राध्यक्षांच्या मर्जीने येतो. इसाकमन यांचं नाव ट्रम्पनी पुढे केलं, मे २०२५ अखेर मस्कशी बिनसल्यावर मागे घेतलं, नोव्हेंबरात परत दिलं आणि डिसेंबरात ते प्रमुख झाले. मधल्या काळात वाहतूक मंत्र्याकडे नासाचा जादा कार्यभार! हे इसाकमन स्वतः स्पेसएक्सच्या यानातून दोनदा अंतराळात जाऊन आलेले गिऱ्हाईक. आता तेच स्पेसएक्सला कामं देणार. २०२६ साठी नासाचं बजेट जवळपास पाव भागाने कापायचा प्रस्ताव आला होता, विज्ञानाच्या वाट्याला तर निम्म्याच्या आसपास कात्री. राजकारण घुसतं ते असं घुसतं.

आपल्याकडे अजून तरी इस्रोचा अध्यक्ष शास्त्रज्ञच असतो आणि तोच खात्याचा सचिव. खातं थेट पंतप्रधानांकडे. यामुळे मधले मंत्री-संत्री कमी झाले हा फायदा. पण पंतप्रधान कुठलेही असोत, मोठ्या मोहिमांची घोषणा लाल किल्ल्यावरून होते. चांद्रयान-१ वाजपेयींनी २००३ च्या १५ ऑगस्टला जाहीर केलं. मंगळयान मनमोहनसिंगांनी २०१२ च्या. गगनयान मोदींनी २०१८ च्या, आणि सांगितलं २०२२ पर्यंत माणूस जाणार. २०२२ कधीच उलटलं, आपल्या रॉकेटवरून माणूस अजून गेलेला नाही. शुभांशू शुक्ला गेले ते फाल्कनवरून, जून २०२५ मध्ये. मला उशिराचं दुःख नाही, उशीर झालेला बरा. तारीख आधी भाषणात येते आणि मग शास्त्रज्ञांनी तिच्यामागे धावायचं, याचं दुःख आहे.

नावांचंही तसंच. २००८ ला चांद्रयान-१ चं उपकरण जिथे चंद्रावर आदळलं त्या जागेला जवाहर पॉइंट, २०२३ ला चांद्रयान-३ जिथे उतरलं त्या जागेला शिवशक्ती. चंद्राला दोन्हीचं सोयरसुतक नाही.

आणि जुनी गोष्ट सांगतो. १९७५ च्या ऑगस्टपासून वर्षभर उपग्रहाने खेड्यात टीव्ही दाखवायचा प्रयोग झाला, साइट नावाचा. उपग्रह नासाचा, कार्यक्रम आपले, सहा राज्यांत २,४०० गावं. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण सीमेपलीकडे विजापूर, गुलबर्गा, रायचूरकडे गावं होती. आमची सोयरीक तिकडची. शाळेच्या ओसरीवर टीव्ही, वर कोंबड्यांच्या जाळीचा छत्रीसारखा अँटेना, आणि सगळं गाव जमिनीवर. काळ आणीबाणीचा. शेतीबरोबर सरकारचं गुणगानही यायचंच. तरीही सांगतो, माझ्या मेव्हण्याने बियाण्याला औषध लावायचं तिथेच शिकलं. सरकारी पैशाच्या विज्ञानात सरकारचा झेंडा येणारच, त्याबरोबर काय येतं ते बघायचं.

पार्क_चौपाटी

आजोबा, झेंड्यावरून आठवलं. तमिळनाडूत कुलशेखरपट्टणमला नवीन रॉकेट तळाची पायाभरणी झाली, फेब्रुवारी २०२४. तिथल्या एका मंत्र्याने पेपरात जाहिरात दिली श्रेय घ्यायला, आणि चित्रातल्या रॉकेटवर चक्क चीनचा झेंडा! 😂

इंजिनिअरिंग_तिसरं_वर्ष

पण तो तळ तिथे असण्याला कारण आहे ना. श्रीहरिकोट्याहून सरळ दक्षिणेला सोडलं तर खाली श्रीलंका येते, म्हणून रॉकेटला वळण घ्यावं लागतं. मोठ्या रॉकेटला ते परवडतं, एसएसएलव्हीसारख्या छोट्याचं बरंचसं बळ त्यातच जातं. कुलशेखरपट्टणमहून समोर नुसता समुद्र.

पार्क_चौपाटी

बरं बरं. मग इन-स्पेसचं ऑफिस अहमदाबादला का? तिथे खाली कोणती लंका हाय?

सात_रस्ता_आजोबा

इस्रो उभारणारे विक्रम साराभाई अहमदाबादचे, भौतिकी संशोधन प्रयोगशाळा तिथे १९४७ पासून, इस्रोचं उपग्रहांची उपकरणं बनवणारं केंद्रही तिथेच. हे कारण खोटं नाही. पण बेंगळुरूला मुख्यालय असताना परवाना देणारी नवी संस्था अहमदाबादच्या बोपळला नेली, तर लोक संशय घेणार. घ्यावाच.

कोर्टाच्या_पायरीवर

वकील म्हणून लिहिते. तुम्ही मंडळी कंपनी कोणती यात अडकलात. बाळीवेसकर, तुमचा मुद्दा बरोबर आहे, पण त्याचं मूळ कायद्यात आहे. खरं म्हणजे कायदा नसण्यात.

अंतराळ व्यवहार विधेयकाचा मसुदा २०१७ मध्ये लोकांपुढे ठेवला. त्याचा कायदा झाला नाही. इन-स्पेस २०२० च्या मंत्रिमंडळाच्या निर्णयाने जन्मली, २०२३ च्या अंतराळ धोरणाने तिला कामं वाटून दिली. संसदेने दिलेला एकही दात तिच्या तोंडात नाही. ती अंतराळ खात्याखालीच, इस्रो त्याच खात्याखाली, इस्रोचा माल विकणारी एनएसआयएल त्याच खात्याखाली. परवाना देणारा, बांधणारा आणि विकणारा एका छपराखाली. फेब्रुवारी २०२४ च्या निर्णयाने परकीय गुंतवणूकही खुली झाली, उपग्रहांना ७४ टक्क्यांपर्यंत आणि रॉकेटला ४९ टक्क्यांपर्यंत सरकारची आगाऊ मंजुरीसुद्धा लागत नाही. पैसा बाहेरून यायला दार उघडलं, पण भांडण झालं तर जायचं कुठे?

१९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार खासगी कंपनीचं रॉकेट दुसऱ्या देशात पडलं तरी भरपाई रॉकेट सोडणाऱ्या देशाच्या सरकारने द्यायची. भारत त्यात आहे. म्हणजे नफा कंपनीचा आणि जोखीम तुमच्या-माझ्या कराची. ती कंपनीकडून किती वसूल करायची, विमा किती हवा, हे ठरवायला कायदाच पाहिजे.

आणि कायदा नसताना काय होतं ते आपण एकदा बघितलंय. २००५ मध्ये इस्रोची व्यापारी कंपनी असलेल्या अँट्रिक्सने देवास नावाच्या कंपनीशी करार केला. इस्रोमधूनच बाहेर पडलेली माणसं त्या कंपनीत. दोन उपग्रहांच्या एस-बँड (रेडिओ लहरींचा एक पट्टा) क्षमतेचा ९० टक्के भाग बारा वर्षांसाठी. ना लिलाव, ना पुरेशी चर्चा. २०११ मध्ये टू-जीचा गदारोळ सुरू असताना सरकारने करार रद्द केला. २०१५ मध्ये लवादाने देवासला ५६.२५ कोटी डॉलर द्यायला सांगितलं. २०२२ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच फसवणुकीतून उभी राहिली असं ठरवून ती गुंडाळायचा आदेश कायम केला. तरी परदेशातल्या कोर्टांमधली लढाई संपलेली नाही. करार एका सरकारच्या काळात सुरू झाला, तो रद्दही त्याच आघाडीने केला, आणि निस्तरायला आले दुसरे. कुठल्याही एका पक्षाच्या गळ्यात घंटा बांधून मोकळं होता येत नाही.

होटगी_नाका

सगळ्यांचं वाचलं. आरक्षणावर एक ओळ नाही. इस्रोत तंत्रज्ञ, सहायक अशा पदांवर आमच्या वस्तीतली पोरं परीक्षा देऊन लागू शकतात. स्कायरूट आणि उपग्रह बनवणाऱ्या पिक्सेलमध्ये कुठला कोटा? नवी भरती खासगीकडे सरकत गेली की दार न बंद करताच बंद होतं. आपण गिरण्यांत बघितलंय. लक्ष्मी-विष्णू बंद पडली तेव्हा कामगारांच्या पोरांना कुणी विचारलं नाही की आता कुठं जाणार.

विजापूर_रोड

मुद्दा मान्य, पण एचएएलला आरक्षण लागू आहे. म्हणजे तुमच्या हिशेबाने एचएएल जिंकली हे चांगलंच झालं.

होटगी_नाका

कायम किती आणि कंत्राटी किती ते विचारा मग.

डाळिंब_सांगोला

रॉकेट कुणाचं का असंना, मला वरून काढलेल्या फोटूचं पडलंय. आमच्या भागात विमा, दुष्काळ, पंचनामा, सगळं आता उपग्रहाच्या फोटूवर न्यायला लागलेत. गेल्या मोसमात माझ्या बागेवर तेल्या आला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: डाळिंबावर काळे तेलकट डाग पडतात, फळ तडकतं, झाड मात्र हिरवंगार राहतं. विम्याचा माणूस म्हणाला, "वरून बाग हिरवी दिसते, नुकसान नाही." फळ हातात धरून दाखवलं तर म्हणतो मी काय करू, सिस्टीम म्हणते. (कंपनीचं नाव विचारू नका, तक्रार चालू हाय.)

तर माझा प्रश्न. आतापर्यंत इस्रोचं नागपूरचं केंद्र, राज्याचं दूरसंवेदनवालं, भुवन पोर्टल, यांचं बरंच काही फुकट बघता येतं. जुलै २०२५ मध्ये निसार उपग्रह सोडला, दर बारा दिवसांनी तीच जमीन बघतो, त्याचाही डेटा खुला. चांगलं झालं. पण ऑगस्ट २०२५ ला पिक्सेल आणि बाकीच्या तीन कंपन्यांनी बारा उपग्रहांचं काम घेतलं. १,२०० कोटींवर खर्च स्वतः करणार, सरकारची मदत शून्य रुपये मागितली. सरकार ३५० कोटींपर्यंत द्यायला तयार असताना! फुकट कोण करतं हो? वसूल कुणाकडनं करणार? विमा कंपनी फोटू विकत घेईल आणि मी माझ्याच बागेचा फोटू बघायला पैसे भरू?

विजापूर_रोड

दादा, शून्य बोली म्हणजे बाजारात विकून पैसा काढता येईल असा त्यांना भरवसा आहे. बारीक फोटो मिळाले, वेगवेगळ्या रंगपट्ट्यांत, तर तेल्याही पकडता येईल कदाचित. पिक्सेलचं कामच ते आहे.

डाळिंब_सांगोला

पकडता येईल हो, पण दाखवणार कुणाला? ज्याने पैसे दिले त्यालाच की. फोटू माझ्या बाजूचा असला तर विमावाला तो बाहेर काढंल काय?

कोर्टाच्या_पायरीवर

सांगोलेकरांनी धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रश्न विचारला. सरकारने त्या करारात जनतेसाठी किती डेटा आणि कुठल्या दराने राखून ठेवलाय, हे विचारायला हवं.

बाळीवेसकर

मी सुरुवातीला म्हटलं त्याच्यावर येतो. १८ मे २०२५, पीएसएलव्ही-सी६१. तिसऱ्या टप्प्यात चेंबरमधला दाब पडला आणि ईओएस-०९ उपग्रह गेला. १२ जानेवारी २०२६, सी६२. परत तिसऱ्याच टप्प्याच्या शेवटी गडबड, ईओएस-एन१ गेला, बरोबर इतरांचे पंधरा छोटे उपग्रह, त्यात आपल्या स्टार्टअपवाल्यांचेही. मधल्या आठ महिन्यांत सी६१ चा तपास अहवाल लोकांसमोर आला नाही.

इस्रो आधी अशी नव्हती. जीएसएलव्ही-एफ१० ऑगस्ट २०२१ मध्ये पडलं, तर कुठला व्हॉल्व्ह गळला ते त्यांनी जाहीर सांगितलं. एसएसएलव्हीच्या पहिल्या अपयशाचं कारणही दिलं: टप्पा सुटतानाच्या कंपनांनी सेन्सर गोंधळले. १९७९ ला एसएलव्ही-३ समुद्रात पडलं तेव्हा सतीश धवन स्वतः पत्रकारांपुढे बसले. तेव्हा सगळं सरकारी होतं. आता पैसे भरून उपग्रह पाठवणारी गिऱ्हाइकं आलीत तर उलट जास्त उघडं व्हायला हवं, आणि होतंय उलटंच.

टर्नर काका, तिसऱ्या टप्प्याची केस तुमच्याकडची नव्हे ना?

निवृत्त_टर्नर

नाही. तिसरा टप्पा धातूचा नसतो, केव्हलरचा धागा गुंडाळून रेझिनमध्ये बसवतात. वजन वाचावं म्हणून. आमच्या शेडचा त्याच्याशी संबंध नाही. पण दोनदा एकाच टप्प्यात गडबड झाली की शेडमध्ये पहिला प्रश्न असतो: त्याच लॉटचा माल आहे का? त्या रजिस्टरचं पान बघितल्याशिवाय कारण कुणी छातीठोक सांगू नये.

विजापूर_रोड

यावर मात्र मी पूर्ण सहमत. खासगी असो की सरकारी, अहवाल बाहेर पाहिजे. त्याशिवाय विमा कंपन्या हप्ता वाढवतील आणि परदेशी गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल.

इंजिनिअरिंग_तिसरं_वर्ष

माहितीच्या अधिकारात मागता येत नाही का?

कोर्टाच्या_पायरीवर

येतं. डीआरडीओला त्या कायद्यातून सूट आहे, इस्रोला नाही. एचएएल सरकारी कंपनी, तिलाही लागू. अल्फाचा गट जिंकला असता तर थेट त्यांना अर्ज करता आला नसता, एनएसआयएलमार्फत फिरून मागावं लागलं असतं आणि "व्यापारी गुपित" म्हणून कलम ८(१)(ड) पुढे केलं असतं. इस्रो बहुतेक ८(१)(अ) लावेल, देशाचं वैज्ञानिक आणि सामरिक हित. म्हणून अख्खा अहवाल मागू नका. असं विचारा: समिती कधी नेमली, अहवाल कधी सादर झाला, कोणाला सादर झाला, सी६२ ला मंजुरी देणाऱ्यांनी तो वाचला होता का, शिफारशी किती आणि त्यातल्या उड्डाणाआधी किती पूर्ण केल्या. यातल्या एकाही उत्तराने रॉकेटचं गुपित फुटत नाही.

फी दहा रुपये, मुदत तीस दिवस. आणि सोलापुरातून मराठीत अर्ज करता येतो, कलम ६ वाचा.

डाळिंब_सांगोला

ताई, माझाबी एक प्रश्न त्यात घाला. बारा उपग्रहांचा फोटू शेतकऱ्याला कुठल्या भावात.

कोर्टाच्या_पायरीवर

तो वेगळ्या अर्जात जाईल दादा, इन-स्पेसच्या नावाने. दोन विषय, दोन संस्था, एकाच अर्जात नकोत. आणि तुमच्या विम्याच्या तक्रारीत ज्या दिवशीच्या फोटोवर निर्णय दिला, त्या फोटोची तारीख लेखी मागा. आजच मागा.

बाळीवेसकर

पहिल्या अर्जाचा मसुदा मी आज रात्री इथेच टाकतो. टर्नर काका, रजिस्टर आणि लॉटचा प्रश्न नेमका कसा विचारायचा ते तेवढं तुमच्या शब्दांत लिहून द्या.

निवृत्त_टर्नर

देतो. जेवण झाल्यावर.